कोर्ट उठेपर्यंत

आमच्याकडं कोर्टातून माणूस आपल्या पायानं घरी आला का तो सुटला. मंग त्याले दंड झालेला असो, ताकीद मिळालेली असो, नाही तं नुसती पुढची तारीख पडलेली असो. बेडी नाही, पोलिसाची गाडी नाही, म्हणजे सुटला. मीही अशीच सुटली होती. बाबानं दिग्रसच्या बाजारातून पेढे आणले अन् माय घरोघरी वाटून आली, पोरगी सुटली म्हणून. खरं म्हणजे मी सुटलेलीच नव्हती. मले शिक्षा झाली होती, ती मी भोगूनही झाली होती, अन् ह्याचा पत्ता ना गावाले होता, ना घरच्याले, ना मले.

हे मी मान खाली घालून सांगून नाही राह्यली, हे आधीच सांगते. आता माह्या अंगावर काळा कोट आहे, तं चार शहाणे म्हणतात, झालं गेलं कायले उकरते? उकरते! माहं आहे, मी उकरीन.

धुऱ्यापासून सुरू करावं लागते. दोन वावरांच्या मधात गवताची, बोरी-बाभळीची जी पट्टी सोडलेली असते, तो धुरा. आमच्या धुऱ्यापलीकडं ज्याचं वावर होतं, त्याले मी लहानपणापासून काका म्हणे. काका मोठा गोड माणूस. पोळ्याले घरी यायचा, बाबाले भाऊ भाऊ करायचा, अन् दर उन्हाळ्यात नांगरताना एक तास आमच्याकडं सरकायचा. तास म्हणजे नांगराची एक रेघ. एक रेघ कोणाच्या डोळ्यात भरते? पण रेघेले रेघ लागत गेली, अन् मी कॉलेजात जायले लागली तोवर आमच्या धुऱ्यावरची बाभूळ त्याच्या वावराच्या मधात उभी होती. बाभूळ काही चालत नाही. बाबाले दिसे सगळं, पण त्यांचं एकच पालुपद, जाऊ दे, शेजार आहे.

त्या वर्षी कापूस वेचून झाला होता अन् आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून राह्यलो होतो. काकानं ट्रॅक्टर आणला अन् उरलासुरला धुराही मोडायले घेतला. बाबा पुढं जाऊन उभे राह्यले. भांडले नाही, नुसते उभे राह्यले. काका ट्रॅक्टरवरून उतरला, हसला, अन् म्हणाला, "भाऊ, तू घरी जाय. तुले तं एक पोरगीच आहे. कोणासाठी धुरा राखून राह्यला?"

बाबानं मान खाली घातली. ते पाहून माहं टाळकं सरकलं. हातात नुकती उपटलेली पऱ्हाटी होती, मुळासकट, मातीसकट. ती मी काकाच्या डोक्यात घातली. विचार करून घातली का? नाही. चुकून लागली का? तेही नाही. चांगली नेम धरून घातली.

डोकं फुटलं, टाके पडले, अन् चोराच्या उलट्या बोंबा, काका ठाण्यात. तिथं माह्या पऱ्हाटीचं हत्यार झालं. हत्यारानं दुखापत, असं कलम लागलं. बाबानंही मंग कधी नव्हे तो मोजणीचा अर्ज टाकला, सरकारी माणसं साखळी घेऊन आली, अन् बाभूळ पुन्हा आमच्या धुऱ्यावर आली. तिकडं माही केस चालू राह्यली. दोनेक वर्षं नुसत्या तारखा. तोवर काकाचा राग उतरला होता, पोळ्याले पुन्हा घरी येऊन पुरणपोळी खाऊन गेला, म्हणे केस मागं घेतो. पण हे कलम आपसात मिटत नाही असं समजलं.

आमचे वकीलसाहेब त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकले होते. त्यांचा मुन्शी व्हरांड्यात येऊन बाबाच्या कानात बोलला, "कबूल करून टाका. साहेब दयाळू आहे. संध्याकाळपर्यंत पोरगी सुटते." बाबाले अजून काय पाहिजे होतं! मीही म्हटलं, बरं. मारलं तं होतंच, नाही कशाले म्हणू?

जजसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी म्हटलं, हो. त्यांनी वर पाह्यलं, कोणाच्या दबावाखाली सांगत नाही ना, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. मंग काहीतरी टाइप झालं, थोडा दंड झाला, अन् शिपाई मले म्हणाला, "बाई, मागच्या बाकावर बसा. कोर्ट उठेपर्यंत उठायचं नाही."

मी बसली. दुपारी साहेब उठले, सगळे उभे राह्यले, मीही उभी राह्यली, अन् मंग पिशवी उचलून सरळ बाहेर निघाली. पायऱ्या उतरून कडुनिंबापर्यंत गेली असन, तं मागून शिपाई धावत आला. "ओ बाई! ओ! कुठं चालल्या?"

"घरी. साहेब उठले ना."

"अवो, ते जेवाले उठले! कोर्ट नाही उठलं!"

व्हरांड्यातले वकील पोट धरधरून हसले. मीही हसली. मले तेव्हा काय माहीत, का मी कैदेतून पळून चालली होती. शिपायानं परत नेऊन बसवलं, मायनं दिलेली भाकर-चटणी मी तिथंच त्याच्या डोळ्यापुढं खाल्ली.

दुपारनंतर एक बाई उभी झाली. तांड्यावरची, पन्नाशीची, हातभर बांगड्या. मोहाच्या दारूची केस होती. तिले मराठी जेमतेम समजे. साहेब तिच्यावरचा आरोप वाचून दाखवत होते अन् ती प्रत्येक वाक्याले "हूं... हूं..." करत होती. गुन्हा कबूल आहे का? "हूं." टाइप करणाऱ्याची बोटं चालू झाली. तेवढ्यात बाजूच्या टेबलावरून एक वकीलबाई उठल्या. त्यांची ती केसही नव्हती. कोट धुऊन धुऊन राखेच्या रंगाचा झालेला. त्या म्हणाल्या, "एक मिनिट, साहेब. ही कबूल नाही करून राह्यली. ही हूंकार देऊन राह्यली. कोणी काही सांगत असलं, का ऐकणारा हूं म्हणतो, तसा."

कोर्ट थांबलं. खरंच थांबलं. तांड्यावरच्या दुसऱ्या एका माणसाले बोलावून तिच्या भाषेत विचारलं, तं ती बाई मोठ्यानं नाही नाही करायले लागली, दोन्ही हात हलवून. साहेबांनी टाइप केलेला कागद फाडायले लावला अन् नवा घेतला.

 मले आनंद नाही, हेवा वाटला. मले त्या वकीलबाईसारखं उभं राहायचं होतं. माह्या बापाले वावरात मान खाली घालावी लागली, कारण त्याच्या बाजूनं "एक मिनिट" म्हणणारं कोणी नव्हतं, अन् मले पऱ्हाटीशिवाय दुसरं काही म्हणता येत नव्हतं. संध्याकाळी कोर्ट उठलं, शिपाई म्हणाला जा, अन् मी ठरवूनच पायऱ्या उतरली, का वकील व्हायचं. मंग घरी आल्यावर ते पेढे.

मध्ये काही वर्षं गेली. बीए झालं, एका शाळेत कमी पगारावर शिकवलं, लग्नाची दोन स्थळं केसचं ऐकून पळाली, बरंच झालं. मंग परीक्षा देऊन यवतमाळले लॉ कॉलेजात नाव घातलं. दिग्रसहून एसटीनं जायचं, खिडकीशी पुस्तक उघडायचं अन् डोळे मिटायचे. पोरं माह्याहून लहान होती. मले ताई म्हणत अन् माह्या वह्या मागत.

एक दिवस सर शिक्षेचे प्रकार शिकवत होते. साधी कैद, सक्तमजुरी, असं करत करत म्हणाले, "कधी कधी न्यायालय उठेपर्यंतची कैद देतात. आरोपीला दिवसभर कोर्टात बसवून ठेवतात. पण लक्षात ठेवा, कैद ती कैदच."

मी उभी राह्यली. "सर, मंग तो सुटला नाही?"

"सुटला? अहो, शिक्षा भोगली त्यानं! दोषी ठरला तो. कायमचा."

वर्ग हसला. मी बसली. माहे कान तापले होते. म्हणजे आम्ही तेव्हा लोकांले फुकटच पेढे खाऊ घातले होते. त्याच पुस्तकात चार पानं पुढं हेही होतं, का पहिल्याच गुन्ह्यात कोवळ्या वयाच्या पोराले शिक्षा न देता चांगल्या वागणुकीच्या बोलीवर सोडता येते, अन् मंग तो डाग पुढं कुठं आडवा येत नाही. आमच्या मुन्शीनं ते मागितलंच नव्हतं. एक ओळीचा अर्ज होता तो! मले त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका संताप आला.

घरी येऊन बाबाले सांगतलं, "बाबा, मी सुटली नव्हती."

"मंग ते पेढे?"

"वाया गेले."

बाबा हसले, अन् हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. "मंग तुले वकिली करू देतीन का?"

प्रश्न तोच होता. वकिलीची परवानगी म्हणजे सनद. सनद नाही, तं डिग्रीचा कागद फ्रेम करून भिंतीले लावा अन् शेळ्या हाका. अन् सनद मागताना शपथेवर लिहून द्यावं लागते, का कधी शिक्षा झाली होती का नाही.

दिग्रसमध्ये ज्यांच्या ऑफिसात मी काम शिकायले बसे, त्या साहेबांच्या घरात तीन पिढ्यांची वकिली. मनानं चांगले होते, मले पोरीसारखं वागवलं. ते म्हणाले, "बेटा, 'नाही' लिहून टाक. कोण जातंय एवढी जुनी नोंद शोधायला?"

"मी शोधली ना, सर. कोर्टातून नक्कल काढून आणली."

"अगं, तू सोडून म्हणतोय मी!"

"मले सोडून कसं जमन, सर? सही माहीच राहीन."

त्यांनी चष्मा काढला. "हट्टी आहेस. बरं, खरं लिही. पण मग सनद देणाऱ्यांच्या समितीसमोर नमतं घे. लहान होते, चूक झाली, माफ करा म्हण. डोळ्यात दोन थेंब आण. सुंठीवाचून खोकला जाईल." मी हो म्हटलं नाही अन् नाही म्हटलं नाही. पण मी 'हो' लिहिलं, खाली कलम लिहिलं, शिक्षा लिहिली. व्हायचं तेच झालं. बाकीच्या पोरांच्या सनदा आल्या, त्यांनी कोट घालून फोटो टाकले, अन् माहा अर्ज समितीपुढं ठेवला. मुंबईले येऊन बाजू मांडा म्हणे.

गावात गोष्ट लपते थोडीच! एक दिवस काका ओसरीवर येऊन बसला. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, टाक्यांचा वण चांगला दिसत होता. चहा घेतला. म्हणाला, "पोरी, कायले जिवाले घोर लावून घेते? मी लिहून देतो ना. ट्रॅक्टरवरून पडलो, डोकं फुटलं, रागाच्या भरात पोरीचं नाव घेतलं. असं लिहून देतो, शपथेवर. समितीवाले पाहतीन, बिचारी पोरगी नाहक गुंतली. काम फत्ते."

बाबाचे डोळे चमकले. मी वाट पाहत होती. काका फुकटात शिंकतही नाही, हे मले माहीत होतं.

"फक्त तो धुऱ्याचा पट्टा तेवढा," काका बशी पुसत म्हणाला, "तुमच्यासाठी काही नाही तो. भाऊ, खरं सांग, तुह्या कामी येते का?"

अन् बाबा म्हणाले, "देऊन टाकू."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बाबा!"

"अवो, एक पट्टी गेली तं गेली! तू वकील होते ना? मले मेल्यावर पट्टी घेऊन जायची आहे का?" बाबा माह्यावर इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.  ते भिऊन बोलत होते, माह्यासाठी भिऊन, अन् म्हणून मले त्यांच्यावर रागावताही येईना. खरं सांगते, एक क्षण मीही हिशेब केला. एक पट्टी, एक कागद, अन् उद्या कोट अंगावर. कोणाचं काय बिघडते?

आतून माय बाहेर आली, हाताले पीठ. "पोरीनं मारलं ते कशापायी मारलं? आता त्याचंच त्याले देता? मंग तेव्हाच द्यायचं होतं, तिच्या माथी केस तरी नसती लागली."

 मी म्हटलं, "काका, मी तुमाले मारलं. नेम धरून मारलं. तुम्ही ट्रॅक्टरवरून पडले नाही. तुमचं डोकं फुटलं, रक्त आलं, त्याचं मले वाईट वाटते, आजही वाटते. पण मदत नोको. भीक नोको पण कुत्रं आवरा."

काका तडकाफडकी उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "मंग राह्य अशीच, शेणगोठा करत." बाबा त्या संध्याकाळी माह्याशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मुंबईच्या गाडीत मात्र माह्या शेजारी येऊन बसले, न विचारता.

समितीत तिघं होते. पंखा जोरात होता, माहे कागद उडत होते, मी कोपरानं दाबून धरले. मधले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "हे तुम्ही स्वतःहून लिहिलंय?"

"हो."

"कबुली कोणाच्या सांगण्यावरून दिली होती?"

"सांगतलं मुन्शीनं. पण खोटी नव्हती ती. मी मारलं होतं."

"मारल्याचा पश्चात्ताप आहे?"

हीच ती जागा, दिग्रसच्या साहेबांनी सांगतलेली. दोन थेंबांची. मी म्हटलं, "डोकं फुटल्याचा आहे. आडवी गेल्याचा नाही."

त्यांनी भुवया वर केल्या. बाजूच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "नैतिक अधःपतन हा शब्द तुम्ही वाचलाय ना? त्यात बसलं तर अडचण होते, कळतंय तुम्हाला?"

"वाचला, मॅडम. मले एकानं खोटं प्रतिज्ञापत्र देऊ केलं होतं, का मी मारलंच नाही म्हणून. ते आणलं असतं, तं आज तुम्ही मले हा प्रश्न विचारला नसता. पण तेव्हा तो शब्द मले खरा लागला असता."

"आणि उद्या तेच परत घडलं तर?" मधल्यांनी विचारलं. "तोच शेजारी, तोच ट्रॅक्टर?"

"दावा लावीन, साहेब. मनाई हुकूम आणीन. त्या वेळी मले हे माहीत नव्हतं. फक्त पऱ्हाटी माहीत होती."

तिसरे हसले. मधले हसले नाही. "जा, कळवू," एवढंच म्हणाले. बाहेर बाबा बाकावर बसून होते. काय झालं विचारलंही नाही. आम्ही वडापाव खाल्ला अन् परतीची गाडी धरली, अन् रात्रभर मी स्वतःले शिव्या देत राह्यली, का दोन थेंब आणले असते तं काय डोळे झिजले असते! दोन-चार महिने काहीच आलं नाही. मी कापूस वेचला, तूर सोंगली, माणसांशी बोलणं टाळलं. मंग सनद आली. बाबानं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाह्यलं, अन् ह्या खेपेले कोणाच्या घरी काही वाटलं नाही.

मले वाटलं होतं, संपलं. कसलं संपते! पहिल्या वर्षातच एका विधवा बाईची केस घेतली. दिरांनी तिचं वावर वखरून टाकलं होतं, तिले आत पाय ठेवू देत नव्हते. मनाई हुकमाच्या अर्जावर मी बोलायले उभी राह्यली. समोरचे वकील म्हणजे केस पिकलेला माणूस, तालुक्यात दबदबा. मी अर्ज वाचत होती तेवढ्यात ते बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, वावराच्या भांडणात वकीलबाईंचा अनुभव दांडगा आहे. स्वतः शिक्षा भोगून आल्या आहेत."

 माह्या मागं ती विधवा उभी होती, तिनं ऐकलं. तिचे दीरही होते, त्यांच्यातला एक फिस्सकन हसला. साहेबांनी माह्याकडं पाह्यलं. मी घाबरली, हे कबूल करते.  मले वाटलं, आता ही बाई कागद परत मागन, अन् मागितले तं मी देईन, तिच्यावर रागावणार नाही.

मंग म्हटलं, "खरं आहे, साहेब. रेकॉर्डवर घ्या. पण अर्धं नोको, पूर्ण घ्या. मारहाणीची शिक्षा झाली, ती भोगली, कुठंही लपवली नाही, अन् सनद देणाऱ्यांनी सगळं वाचून सनद दिली. माह्या अशिलाले ज्यांनी वावरात येऊ दिलं नाही, त्यांच्यापैकी एकानंही काही कबूल केलेलं नाही. आता अर्जावर बोलू का?"

समोरचे वकील काहीतरी म्हणायले उठले. साहेबांनी हातानं त्यांना बसवलं, माहा अर्ज पुढ्यात ओढला, अन् म्हणाले, "बोला."

मी बोलली.